क्लबनिहाय अंतरांची मोजणी : कोल्हापुरातील प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

गोल्फच्या पिशवीतील प्रत्येक क्लबने, म्हणजे चेंडू मारण्याच्या काठीने, माझा चेंडू हवेतून नेमका किती यार्ड जातो हे मोजून त्याचा तक्ता तयार करावयाचा, आणि त्या तक्त्यावरून कोणता क्लब ठेवावा, कोणता काढावा हे ठरवावयाचे, एवढाच या कामाचा हेतू आहे. कोल्हापुरात राहून अधूनमधून पुण्याला जाऊन खेळणाऱ्याला मैदानावर प्रयोग करण्याइतका वेळ मिळत नाही. तेथे पोहोचल्यावर हातात कोणता क्लब घ्यायचा याचे उत्तर घरूनच घेऊन जावे लागते. असेच काम करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून फसलेले प्रयत्नही या नोंदींत जसेच्या तसे लिहीत आहे.

छापील तक्ते आधी पाहिले. अमेरिकेतील पीजीए टूरवरील पुरुष व्यावसायिकांचा सात नंबर आयर्नचा सरासरी कॅरी, म्हणजे चेंडू जमिनीला टेकेपर्यंतचे हवेतील अंतर, १७२ यार्ड आणि एलपीजीए टूरवरील महिला व्यावसायिकांचा १४१ यार्ड असा सांगितला जातो. हे आकडे खरे असले तरी चाळिशी ओलांडलेल्या आणि रविवारीच खेळणाऱ्या माणसाला त्यांचा उपयोग शून्य. शिवाय ‘सात नंबर’ ही काही ठरलेली वस्तू नाही. (आयर्न म्हणजे धातूच्या पातळ डोक्याचा क्लब; त्याचा नंबर जितका लहान तितका चेहरा उभा आणि चेंडू लांब.) जुन्या पद्धतीच्या सात नंबरचा लॉफ्ट, म्हणजे दांड्याच्या तुलनेत चेहऱ्याचा कल, ३५ अंशांच्या आसपास असे. आज नवशिक्यांसाठी बनणाऱ्या संचांत तोच सात नंबर २८ ते ३० अंशांचा मिळतो. म्हणजे जुन्या मापाने तो सहा किंवा पाच नंबरच झाला. त्यामुळे ‘माझा सात नंबर दीडशे जातो’ या वाक्याला लॉफ्ट सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

माझ्या पिशवीत सध्या ड्रायव्हर (सर्वांत लांब मारण्याचा क्लब), पाच नंबर वुड, चार नंबर हायब्रिड (वुड आणि आयर्न यांच्या मधला प्रकार), पाच ते नऊ नंबरची आयर्न, पिचिंग वेज, ५६ अंशांची सँड वेज (वेज म्हणजे जवळच्या अंतरासाठी जास्त लॉफ्टचे क्लब) आणि पटर आहे. आयर्नचा संच वापरलेला घेतला असल्याने पूर्वीच्या मालकाने त्यात काय फेरफार केले होते याची कल्पना नाही. म्हणून मोजणीची सुरुवात माळावर न करता कारखान्यात करावयाची.

१६ नोव्हेंबर २०२४

शिरोली औद्योगिक वसाहतीतील आमच्या फाउंड्रीच्या तपासणी विभागात सरफेस प्लेट (अचूक सपाट पृष्ठभाग), व्ही-ब्लॉक (गोल वस्तू ठेवण्याचे खाचेचे ठोकळे), उंची मोजणारा हाइट गेज आणि कोन मोजणारा डिजिटल अँगल गेज आहे. पाळी संपल्यावर, परवानगी घेऊन, प्रत्येक क्लबचा लॉफ्ट मोजला.

पद्धत अशी. दांडा दोन व्ही-ब्लॉकवर आडवा ठेवायचा आणि स्वतःभोवती फिरवत न्यायचा, तोवर की चेहऱ्यावरील सर्वांत खालच्या खाचेची दोन्ही टोके हाइट गेजवर सारखी येतील. दांडा आणि खाच दोन्ही प्लेटला समांतर झाल्या की चेहऱ्याचा प्लेटशी होणारा कोन हाच लॉफ्ट. अँगल गेज खाचांना काटकोनात ठेवून तो वाचायचा.

पहिल्या फेरीतील सगळे आकडे रद्द करावे लागले. स्टीलचा दांडा ग्रिपकडे जाड आणि डोक्याकडे बारीक असतो. दोन सारख्या उंचीच्या व्ही-ब्लॉकवर ठेवल्यास त्याचा अक्ष तिरका होतो आणि आकडा सुमारे एक-तृतीयांश अंशाने चुकतो. बारीक बाजूच्या ब्लॉकखाली शिम, म्हणजे पातळ पत्रा, घालून अक्ष समतल केला आणि सगळे पुन्हा मोजले. यात दोन तास गेले, पण एक-तृतीयांश अंशाला यार्डभराची किंमत असल्याने ते वाया गेले असे म्हणवत नाही.

मिळालेले आकडे : हायब्रिड २२ अंश, पाच नंबर २४, सहा नंबर २७, सात नंबर ३१, आठ नंबर ३३.५, नऊ नंबर ४०, पिचिंग वेज ४५, सँड वेज ५६. दोन गोष्टी लगेच डोळ्यांत भरतात. सात आणि आठ नंबरमध्ये जेमतेम अडीच अंशांचा फरक आहे आणि आठ ते नऊमध्ये साडेसहा अंशांचा. आठ नंबर कोणीतरी वाकवला आहे किंवा तो कुठेतरी आपटून वाकला आहे. दुसरे असे की पिचिंग आणि सँड वेजमध्ये अकरा अंशांची दरी आहे. आयर्नमधील शेजारच्या दोन क्लबांत साधारण चार अंशांचा फरक असला तर अंतरात दहा-बारा यार्डांचा फरक पडतो, या हिशेबाने या दोन ठिकाणी काय होणार हे चेंडू मारण्याआधीच कळले.

२४ नोव्हेंबर २०२४

करवीर तालुक्यात मामांची दीड एकराची पट्टी आहे. उसाचा खोडवा नुकताच तोडून गेला असून पुढची आडसाली लावण जुलैत आहे, म्हणून जमीन तोवर मोकळी. मामांनी परवानगी दिली, पण अट एकच, की शेजारच्या उभ्या उसात चेंडू शोधायला शिरायचे नाही.

आजचा प्रयत्न पूर्ण फसला. पाचट अजून रानात पसरलेलेच होते. चेंडू पाचटात पडल्यावर दिसतच नव्हता. जे सापडले ते सरीच्या बाजूला आदळून कुठल्या कुठे गेलेले होते. चेंडू कुठे टेकला आणि कुठे थांबला यांतील फरक समजण्याचा काही मार्ग नव्हता. पिशवीभर आणलेल्या चेंडूंपैकी निम्मे पाचटात राहिले आणि तक्त्यात लिहिण्यासारखा एकही आकडा मिळाला नाही. मोबाइलवरील जीपीएसने अंतर मोजण्याचाही प्रयोग केला. उभ्या जागीच तो तीन-चार मीटरने इकडे-तिकडे सरकत होता. ज्या मोजणीत दोन क्लबांमधील फरकच दहा यार्डांचा आहे, तेथे असे साधन कामाचे नाही.

८ डिसेंबर २०२४

पाचट निघाले, नांगरट झाली आणि रोटर मारून रान सपाट झाले. आता या कामासाठी याहून चांगली जागा मिळणार नाही, कारण भुसभुशीत मातीत चेंडू जेथे पडतो तेथेच रुततो. घरंगळणे शून्य. म्हणजे कॅरी अगदी बिनचूक मिळतो, आणि क्लब निवडताना लागतो तो कॅरीच. बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, किंवा पाणी ओलांडायचे असेल तेव्हा जमिनीवरून घरंगळणाऱ्या यार्डांचा काही उपयोग नसतो.

अंतरे आखण्यासाठी गुंठ्याचा आधार घेतला. गुंठ्याची बाजू, म्हणजे एक साखळी, ३३ फूट म्हणजे बरोबर ११ यार्ड. मामांच्या पट्टीची लांबी अशा २० साखळ्या आणि रुंदी ३ साखळ्या, म्हणजे २२० यार्ड लांब आणि ३३ यार्ड रुंद, एकूण ६० गुंठे. टेपने मोजून दर साखळीला फक्कीची आडवी रेघ मारली, म्हणजे शेवटपर्यंत दर ११ यार्डांना एक रेघ. भाच्याने रेघा मोजायच्या, शेवटच्या रेघेपासून टेप लावायची आणि ‘बारा अन् सहा’ असे ओरडायचे; बारा साखळ्या आणि सहा यार्ड म्हणजे १३८. ही पद्धत इतकी सोयीची ठरली की पुढे लेझर रेंजफाइंडर, म्हणजे लेझरने अंतर मोजणारे यंत्र, घेतल्यावरही माळावरच्या मोजणीत टेपच ठेवली. फक्कीची दोन पोती लागली.

चेंडू मारण्याची जागा बांधालगतच्या हरळीवर घेतली. प्लॅस्टिकच्या चटईवर मारल्यास क्लब चेंडूच्या आधी जमिनीला लागला तरी घसरून पुढे जातो आणि खराब फटकाही चांगला निघाल्यासारखा वाटतो. हरळीत तसे होत नाही. आपल्याकडे शेतकरी जिला उपटून टाकता टाकता थकतो ती हरळीच गोल्फच्या मैदानांवर बर्म्युडा ग्रास या नावाने फेअरवेत, म्हणजे कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यात, लावतात, तेव्हा सरावासाठी याहून खरी जागा नाही.

मामा बांधावर येऊन बराच वेळ पाहत उभे राहिले. मातीत रुतलेले चेंडू भाचा उकरून काढत होता ते पाहून म्हणाले, “काय रं, बी पेराय लागलास व्हय?”

१५ डिसेंबर २०२४

आज आकडे मिळाले, पण ते एकमेकांशी जुळेनात. एकाच नऊ नंबरने, सारख्याच वाटणाऱ्या फटक्यांत, काही चेंडू ११८ आणि काही १०७ यार्ड. कारण चेंडूंत निघाले. घाऊक घेतलेल्या जुन्या चेंडूंत सराव-रेंजवरचे टणक चेंडू होते, काही पाण्यातून काढलेले होते आणि काहींच्या आवरणावर ओरखडे होते. नियमाप्रमाणे चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा हे बंधन आहे, वेग आणि एकूण अंतर यांवरही मर्यादा आहे; तरी उसळी, आवरण आणि आतील थर यांत बराच फरक असू शकतो. कारखान्यातील तराजूवर वजने पाहिली तर ती जवळपास सारखीच भरली, म्हणजे वजनावरून चांगला चेंडू निवडता येत नाही हेही कळले.

उपाय म्हणून एकाच प्रकारचे दोन डझन नवे चेंडू घेतले, त्यांना सुमारे ३,८०० रुपये पडले. मध्यम किमतीचा, मैदानावर मी प्रत्यक्ष वापरतो तोच प्रकार घेतला. प्रत्येक फेरीनंतर ते धुऊन पुसून घ्यायचे, कारण खाचांत आणि चेंडूवर ओली माती राहिली की फिरकी कमी होते आणि चेंडू कधी लांब, कधी खाली जातो.

२२ डिसेंबर २०२४

पहिली पूर्ण फेरी. सकाळी सात ते नऊ, वारा जवळपास नाही, तापमान १६-१७ अंश. प्रत्येक क्लबने दहा चेंडू, दोन क्लबांच्या मध्ये विश्रांती.

सात नंबरचे दहा आकडे लहान ते मोठे असे लावून येथे देतो, कारण या कामातील सगळा मुद्दा त्यांत आहे : १०९, १२२, १३१, १३४, १३७, १३९, १४१, १४३, १४६, १५१. आता या क्लबचे अंतर किती? बहुतेक खेळाडू १५१ म्हणतील, कारण तो फटका लक्षात राहतो आणि हातालाही तोच गोड लागतो. पण तो दहांत एकदा आला आहे. सरासरी काढली तर १३५ येते, कारण १०९ चा एक फसलेला फटका तिला खाली ओढतो. मधल्या दोन आकड्यांवरून मध्यक काढला तर १३८ येतो. मी तक्त्यात १३८ लिहिला आणि शेजारी दुसऱ्या रकान्यात ‘दहांत आठ वेळा किमान’ म्हणून १३१ लिहिला. फसलेले फटके गाळायचे नाहीत हे आधीच ठरवले होते. नाकारलेले कास्टिंग वगळून उत्पादनाचा अहवाल लिहिता येत नाही, तसेच हे.

समोर बंकर असेल आणि त्याची पलीकडची कड १३० यार्डांवर असेल, तर सात नंबर घेतल्यास दहांत आठ वेळा तो पार होतो. १५१ चा आकडा मनात धरून त्याच ठिकाणी नऊ नंबर काढणारा माणूस वाळूत जाणार हे उघड आहे. हौशी खेळाडूंचे ग्रीनकडे, म्हणजे झेंड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीकडे, मारलेले बहुतेक चेंडू कमी पडतात असे जे म्हणतात, त्याचे कारण ताकदीत नसून या एका आकड्यात आहे असे माझे मत झाले आहे.

बाकीचे मध्यक : पाच नंबर वुड १७२, हायब्रिड १६०, पाच नंबर आयर्न १४६, सहा नंबर १४५, आठ नंबर १३३, नऊ नंबर ११९, पिचिंग १०८, सँड वेज ७८.

ड्रायव्हरची मोजणी सोडून द्यावी लागली. ३३ यार्डांच्या पट्टीत माझा ड्रायव्हर बसत नाही. तीन नवे चेंडू शेजारच्या उसात गेले आणि मामांच्या अटीमुळे ते तेथेच राहिले.

२९ डिसेंबर २०२४

पाच आणि सहा नंबरचे अंतर जवळपास सारखेच कसे, यावर आठवडाभर विचार केला. पाच नंबरचा लॉफ्ट तीन अंशांनी कमी आणि दांडा अर्धा इंच लांब, तेव्हा तो पुढे जायला हवा. पण कमी लॉफ्टचा क्लब चेंडू उंच उडवण्यासाठी वेगावर अवलंबून असतो. क्लबच्या डोक्याचा वेग पुरेसा नसला की चेंडू पुरेसा वर चढत नाही, फिरकीही कमी मिळते आणि तो लवकर खाली येतो. माझ्या वेगाला २७ अंशांच्या खालचा आयर्न पेलत नाही, एवढा त्याचा अर्थ. विखुरणेही त्यात सर्वांत जास्त होते : पाच नंबरचा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा फटका यांत ६० यार्डांचे अंतर.

मग २२ अंशांची हायब्रिड १६० कशी जाते? तिचे वजन चेहऱ्यापासून मागे आणि खाली असते, तळ रुंद असतो; त्यामुळे तोच वेग असूनही चेंडू जास्त उंच सुटतो. पाच नंबर पुन्हा वेगळ्या दिवशी मारून पाहिला, आकडा दोन यार्डांहून जास्त हलला नाही. पिशवीतून तो काढला.

गोल्फच्या नियम क्रमांक ४.१ब प्रमाणे खेळाच्या फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब नेता येतात. मर्यादा १४ ची आहे म्हणून १४ भरलेच पाहिजेत असे नाही. माझ्याकडे पाच नंबर काढल्यावर दहा राहिले आणि त्यांतील खरी उणीव लांब अंतरात नसून १०८ आणि ७८ च्या मध्ये आहे. तीस यार्डांची ही मोकळी जागा ग्रीनच्या जवळची आहे, जेथे प्रत्येक फेरीत पुन्हा पुन्हा यावे लागते. दुकानात मात्र ड्रायव्हर समोर मांडलेले असतात आणि वेज कोपऱ्यात.

११ जानेवारी २०२५

आठ नंबर वाकवून ३५ अंशांवर आणता येईल का, याची आज कारखान्यात चाचणी घेतली, अर्थात माझ्या आठ नंबरवर नव्हे. भंगारात मिळालेली एक जुनी ओतीव स्टेनलेस वेज त्यासाठी वापरली.

आयर्नची डोकी दोन प्रकारे बनतात. मऊ कार्बन स्टीलची घडीव डोकी वाकवायला सोपी. १७-४ प्रकारच्या स्टेनलेसची ओतीव डोकी कठीण असतात आणि थोडे वाकवल्यावर तडकण्याची भीती असते. माझा संच ओतीव आहे. डोके व्हाइसमध्ये पितळी पट्ट्या घालून आवळले, दांड्याच्या मुळाशी असलेल्या नळीसारख्या भागावर, ज्याला होझल म्हणतात, जाड पाइप चढवला आणि हळूहळू जोर दिला. पोलाद परत येते, म्हणून दोन अंश वाकवायचे तर चार-साडेचार अंश ओढावे लागले. दोन अंशांवर थांबून तडे शोधणारी डाय पेनेट्रंट चाचणी केली : भाग स्वच्छ करून लाल द्रव लावला, पुसला, वर पांढरा डेव्हलपर फवारला. काही उमटले नाही. चार अंशांवर नेऊन पुन्हा तीच चाचणी केली, तेव्हा होझलच्या मुळाशी पांढऱ्या थरातून केसाएवढी लाल रेघ वर आली आणि बघता बघता सेंटीमीटरभर लांब झाली. डोळ्यांनी तो तडा दिसत नव्हता. असा क्लब घेऊन कोणी जोरात फटका मारला तर डोके चेंडूच्या मागोमाग जाईल, आणि समोर माणूस असेल तर काय होईल ते सांगायला नको.

निष्कर्ष असा घेतला की दीड अंशाचे काम होण्यासारखे आहे, पण ते घरच्या व्हाइसवर करण्यासारखे नाही. शिवाय लॉफ्ट बदलला की तळाचा कल, म्हणजे बाउन्स, तितकाच बदलतो. आठ नंबरमध्ये ते चालते, सँड वेजमध्ये विचार करावा लागेल.

२६ जानेवारी २०२५

पुण्यातील एका क्लब दुरुस्ती करणाऱ्याकडे लॉफ्ट वाकवण्याचे यंत्र आहे. त्याने आठ नंबर ३५ अंशांवर आणून दिला, ५०० रुपये घेतले. घरी आल्यावर सरफेस प्लेटवर ३४.९ भरला. त्याच फेरीत ५० अंशांची वापरलेली वेज ३,५०० रुपयांना आणि लेझर रेंजफाइंडर ११,५०० रुपयांना घेतला. वेजचा लॉफ्ट विकत घेण्याआधी खिशातल्या अँगल गेजने तिथल्या तिथे तपासला. वापरलेल्या वेजच्या बाबतीत खाचा किती झिजल्या आहेत हे त्याहून महत्त्वाचे. नखाने खाचेची कड लागली नाही तर ती वेज घेऊ नये, कारण गवतातून मारताना फिरकी मिळत नाही.

रेंजफाइंडरबद्दल एक माहिती : २०१९ च्या नियमांपासून अंतर मोजण्याचे साधन वापरण्यास सर्वसाधारण मुभा आहे, स्पर्धेच्या समितीने स्थानिक नियमाने बंदी घातली नसेल तर. चढ-उताराचा हिशेब करून अंतर सांगणारी सोय मात्र स्पर्धेत बंद ठेवावी लागते, म्हणून ती सोय ज्यात बटणाने बंद होते तेच यंत्र घेतले.

२ फेब्रुवारी २०२५

नवी फेरी, पूर्वीच्याच वेळी आणि त्याच चेंडूंनी. सात नंबर १३८, आठ नंबर १२९, नऊ नंबर ११९, पिचिंग १०८, ५० अंशांची वेज ९४, सँड वेज ७८. आता पायऱ्या चढत-उतरत नीट बसल्या आहेत. सात आणि आठमध्ये नऊ यार्ड आले. वेजमधील अंतरे १४ आणि १६ यार्ड आहेत; तेथे थोडे जास्त चालते, कारण वेजने पूर्ण ताकदीपेक्षा कमी जोराचा फटका मारणे सोपे जाते.

सहा नंबर आणि हायब्रिड यांत १५ यार्ड उरतात. तेथे २५ अंशांची हायब्रिड घालता येईल, पण सध्या खर्च थांबवला आहे.

९ फेब्रुवारी २०२५

वारा. सकाळची मोजणी शांत हवेतील होती. दुपारनंतर पश्चिमेकडून घाटावरून वारे सुटते आणि संध्याकाळपर्यंत टिकते, त्याचा उपयोग करून घेतला. हवामान अॅपवर ताशी १५ किलोमीटर वेग दिसत होता. पट्टी पूर्व-पश्चिम असल्याने दोन्ही टोकांकडून मारता आले.

सात नंबर वाऱ्याच्या विरुद्ध १२४, वाऱ्याबरोबर १४४. म्हणजे समोरच्या वाऱ्याने १४ यार्ड गेले आणि पाठीच्या वाऱ्याने सहाच मिळाले. हे असेच व्हायला हवे : समोरून वारा असला की चेंडूभोवतीच्या हवेचा वेग वाढतो, ओढही वाढते आणि उचलही, त्यामुळे चेंडू वर चढून तेथेच थबकल्यासारखा होतो व सरळ खाली येतो. खेळाडूंत एक ढोबळ हिशेब प्रचलित आहे की समोरच्या वाऱ्याच्या ताशी दर मैलाला एक टक्का अंतर कमी आणि पाठीमागच्या वाऱ्याच्या ताशी दर मैलाला अर्धा टक्का जास्त धरावे. १५ किलोमीटर म्हणजे नऊ मैलांच्या थोडे वर. माझे आकडे त्या हिशेबाला बऱ्यापैकी जुळले.

विरुद्ध वाऱ्यात जोर लावून मारून पाहिले, तर मध्यक १२१ वर आला. जोर लावला की फिरकी वाढते आणि चेंडू आणखी वर जातो. त्याऐवजी सहा नंबर घेऊन, ग्रिप इंचभर खाली धरून, तीन-चतुर्थांश फटका मारला तेव्हा १२८ मिळाले आणि विखुरणेही कमी झाले. वाऱ्यासमोर मोठा (लांब मारणारा) क्लब आणि हलका हात, हे तक्त्याच्या मागील बाजूला लिहून ठेवले.

२३ फेब्रुवारी २०२५

पुण्यात येरवड्याला खेळून तक्ता तपासला. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा प्रश्न येथे येत नाही, कारण कोल्हापूर आणि पुणे दोन्ही साधारण साडेपाचशे मीटरवर आहेत. हाच तक्ता घेऊन मुंबईला चेंबूरच्या मैदानावर गेलो तर दाट हवेमुळे सुमारे दोन टक्के, म्हणजे सात नंबरला अडीच-तीन यार्ड, वजा धरावे लागतील.

एका ठिकाणी झेंडा रेंजफाइंडरवर १२७ आला. तक्त्याप्रमाणे आठ नंबर १२९, म्हणून तो हातात घेतला होता. पिशवी वाहणारा कॅडी म्हणाला, “साहेब, झेंडा पुढंच लावलाय. मागं वीस यार्ड ग्रीन आहे. सात घ्या अन् निवांत मारा.” त्याचे म्हणणे तक्त्याच्या दुसऱ्या रकान्याशी तंतोतंत जुळणारे होते : पुढे बंकर, मागे जागा, आणि आठ नंबरचा ‘दहांत आठ वेळा किमान’ १२१. सात नंबरने मारलेला चेंडू झेंड्याच्या चार-पाच यार्ड मागे थांबला. त्या दिवसापासून झेंड्याऐवजी ग्रीनच्या पुढच्या आणि मागच्या कडेची अंतरे आधी घेतो आणि ज्या बाजूला धोका आहे तेथून क्लब ठरवतो.

चढावरील ग्रीनसाठी चढाच्या उंचीइतके यार्ड वाढवावेत हा साधा हिशेब पुरला. सपाट रानात ज्याची मोजणी झालीच नव्हती ती गोष्ट म्हणजे गवत. फेअरवेच्या बाहेर दोन-तीन इंच गवतात चेंडू बसलेला असताना नऊ नंबर एकदा १३२ गेला, ग्रीनच्या मागे. चेहरा आणि चेंडू यांच्या मध्ये गवत आले की फिरकी निघून जाते, चेंडू लांब जातो आणि टेकल्यावर थांबत नाही. त्याच गवतात दुसऱ्यांदा चेंडू खोल बसला होता, तेव्हा तोच क्लब ९० सुद्धा गेला नाही. त्यावर तक्ता नाही; चेंडूचा वरचा अर्धा भाग दिसत असेल तर एक क्लब कमी (नऊऐवजी पिचिंग), अन्यथा वेजने बाहेर काढणे, असे ठरवले.

१६ मार्च २०२५

उन्हाची फेरी, दुपारी दोन वाजता, तापमान ३५ अंश. सात नंबर १४२. डिसेंबरच्या सकाळपेक्षा चार यार्ड जास्त, कारण हवा विरळ आणि चेंडूही गरम. तक्त्यात हिवाळा आणि उन्हाळा असे वेगळे रकाने करण्याइतका हा फरक नाही. उन्हाळ्यात दोन अंतरांच्या मधोमध आलो तर छोटा क्लब, हिवाळ्यात मोठा, एवढे पुरते.

७८ यार्डांच्या आतील अंतरांसाठी तिन्ही वेजने अर्धा आणि तीन-चतुर्थांश फटका मोजला. हात कमरेपर्यंत म्हणजे अर्धा, छातीपर्यंत म्हणजे तीन-चतुर्थांश. सँड वेज ४२ आणि ६१, पन्नास अंशांची ५३ आणि ७५, पिचिंग ६२ आणि ८७. अर्ध्या फटक्यांत विखुरणे अपेक्षेहून जास्त आहे, आठ-नऊ यार्ड. या सहा आकड्यांपुढे तक्त्यात पेन्सिलने प्रश्नचिन्ह आहे आणि पाऊस सुरू होण्याआधी ही फेरी पुन्हा घ्यावयाची आहे. जुलैच्या लावणीनंतर पट्टी मिळणार नाही. ड्रायव्हरसाठी रुंद, पडीक माळ शोधणे सुरू आहे. तेथे माती कडक असल्याने चेंडू रुतणार नाही, म्हणून टेकण्याची जागा पाहण्यास दोन माणसे बाजूला, सुरक्षित अंतरावर, उभी करावी लागतील. भाच्याची दहावीची परीक्षा उद्या संपते.